बाबांचा लाकडी मासा

ताई,
काल तू बाबांनी कोरलेला मासा घरभर शोधत होतीस, तेव्हा मी "मला काय माहीत" म्हणून मोकळा झालो. धडधडीत खोटं बोललो गं. मासा तेव्हा मोरीत, प्लास्टरच्या डब्यात रुतलेला होता. गळाला लावायची मऊ प्लास्टिकची आमिषं घरीच ओतायची म्हणून मला त्याचा साचा हवा होता. पण प्लास्टर ओतण्याआधी माशाला तेल चोळायचंच विसरलो. मग ओढून काढताना शेपटी तुटली. दोन्ही तुकडे तुझ्या कपाटात, रुमालात ठेवलेत. तोंड दाखवायची हिंमत होईना, म्हणून लवकर कामावर निघालो.

रागाच्या भरात साचा मात्र फोडू नकोस. त्यात शेपटी अख्खी उमटलीये, बाबांच्या सुरीच्या खुणांसकट.

संध्याकाळी हवं तेवढं बोल. फक्त "असू दे" म्हणू नकोस.