अठ्ठेचाळिसावं कार्ड

मंगळवार, ३ मार्च
एचआयव्ही. लिहिलं एकदाचं. अक्षर मात्र नीट आलं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिली गोळी आजच, इथंच. पाणी देते." मी ऐटीत म्हणालो, "माहितीपत्रक पुरतं वाचल्याशिवाय मी कशाला हात लावत नाही." शिलाई यंत्रांची दुरुस्ती असाच तर शिकलो, गुरूविना! नर्स म्हणाली, "काका, घर पेटल्यावर विहिरीची खोली मोजत बसाल का?"
बायकोलाही तपासणीला आणा म्हणाल्या. मान डोलावली.

गुरुवार, ५ मार्च
पत्रक दोनदा वाचलं. छपाईच्या दोन चुका सापडल्या. गोळी नाही घेतली.

सोमवार, ९ मार्च
तिसऱ्यांदा वाचलं. आता सबब उरली नाही. गोळी घेतली की रोग खरा होतो — एवढंच कारण. जसं काही परगावच्या त्या तीन महिन्यांत जे केलं, ते खोटं होतं!
नर्सचा फोन. "सुरू केलीत ना? आणि काकूंचं काय?" "केली. आणतो." काकू समोरच भाजी निवडत होती. "कोण हो?" "गिऱ्हाईक."
गिऱ्हाइकांना मीच दटावतो — बिघाड कळल्यावर यंत्र दामटू नका, आतून झिजतं. थू माझ्या शहाणपणावर.

मंगळवार, १० मार्च
सकाळी नऊला पहिली गोळी. सात दिवस वाया घालवले.
दुकानात गिऱ्हाइकांच्या सत्तेचाळीस यंत्रांची कार्डं खिळ्यांना टांगलेली आहेत — तेल कधी दिलं, पट्टा कधी बदलला. नोंदीशिवाय मला चैन पडत नाही. नवं कार्ड केलं: "यंत्र क्र. ४८. रोज स. ९." गोळ्यांची बाटली कार्डाखालच्या बॉबिनच्या डब्यात. तिच्यावर दवाखान्याचं नाव आहे. कोण बघतंय!

शनिवार, १४ मार्च
ही दुकान झाडायला आली. "अहो, रोज तेल पिणारं हे कुठलं यंत्र?"
"जुनं आहे."
"कुणाचं?"
"आहे एकाचं."
एरवी हसली असती.
उद्या सांगतो.

रविवार, १५ मार्च
नाही सांगितलं.

मंगळवार, १७ मार्च
नऊला खिळ्यापाशी गेलो. माझ्या कार्डाशेजारी नवं कार्ड, तिच्या अक्षरात. "यंत्र क्र. ४९. रोज स. ९." खाली कालची तारीख दोनदा: तपासणी झाली. पहिली गोळी घेतली.
म्हणजे तिलाही. माझ्याकडून.
ती दारात उभी होती, हातात पाण्याचे दोन पेले. म्हणाली, "मी वाचत बसले नाही."