गुणगुणच्या चिठ्ठ्या

३ तारीख

आले एकदाची. नोकरी मिळाली, राहायला खोली मिळाली, आणि मुख्य म्हणजे 'तो' राहतो ते गाव मागे पडलं. निघताना छोटीने ही वही माझ्या बॅगेत कोंबली. म्हणाली, ताई, दिवसभर त्याचं खातं उघडून बघत बसण्यापेक्षा यात लिही. धाकटी बहीण, पण बोलते सासूसारखी.

पहिल्या मजल्यावर ऑफिस, त्याच्याच मागे माझी खोली. वरचा मजला बंद असतो म्हणे. ऑफिसच्या मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, स्वतः चहा करून दिला आणि काम समजावलं. सोशल मीडियावर ज्यांना खूप लोक वाचतात, त्यांची खाती सांभाळायची. मला कुणाचं खातं मिळालं असेल? गुणगुणचं! नाती, गाणी, सिनेमे यांवर मनातलं लिहिणारी ती बाई मी कधीपासून वाचतेय. 'तो' सोडून गेला तेव्हा तिच्याच पोस्ट वाचून मनसोक्त रडून घेतलं होतं. आता पगार घेऊन तिचंच लिहायचं, नशीबच काढलं म्हणायचं.

४ तारीख

गुणगुण लांब कुठेतरी एकटी राहते म्हणे, कुणाला भेटत नाही. रोज सकाळी ऑफिसात काम करणाऱ्या मावशी चहासोबत तिची चिठ्ठी आणून देतात. पेन्सिलीने खरडलेल्या दोन-तीन ओळी असतात, मी त्यांची पोस्ट करायची. मॅडमचा नियम एकच. कडू आलं तरी गोड करून वाढायचं, लोक दिवसभराचे दमलेले असतात. ऑफिसात आपला फोन मॅडमच्या खणात ठेवायचा. बरंच झालं, नाहीतर माझा अंगठा सारखा त्याच्या फोटोंकडेच वळतो.

आजची चिठ्ठी होती, गाणं अर्ध्यात विसरते. त्यावर मी लिहिलं की काही गाणी अर्धीच बरी, उरलेलं आयुष्यभर गुणगुणता येतं. लोक खूश.

खरं तर हे माझंच. मी सिनेमाचा शेवट कधी बघत नाही. शेवट जवळ आला की उठते, मग वाटतं ती माणसं अजून तिकडे आहेत, काही संपलं नाही. आम्हा बहिणींचा आवडता बोटीचा सिनेमा तर कितीदा पाहिला, पण दोघींत शेवट फक्त छोटीला माहीत. ती सांगायला लागली की मी कानात बोटं घालते आणि ती पोट धरून हसते.

७ तारीख

मॅडमनी मला माझ्याबद्दल लिहायला सांगितलं. हात मोकळा होतो म्हणे. आवडती गाणी, 'त्या'चं सोडून जाणं, छोटीला कोणत्या नावाने चिडवते, सगळं भडाभडा लिहून दिलं. सिनेमाच्या शेवटाचं तेवढं लिहिलं नाही. ते छोटीचं आणि माझं आहे.

फोनचा पासवर्डही मागितला, सगळ्यांचाच असतो म्हणाल्या. दिला. भिडस्त स्वभाव नडतो तो असा.

१० तारीख

आज कमाल झाली. चिठ्ठी होती, आईला सांगा मी इथेच आहे. कुठे गेले नाही. माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं. मी लिहिलं, आई, मी कुठे गेलेच नाही गं, इथेच आहे, तुझ्या प्रत्येक गाण्यात. पोस्टवर लाल बदामांचा नुसता पाऊस पडला.

खाली तिच्या खऱ्या आईनेही लिहिलं होतं. बाळा, फोन का उचलत नाहीस, एकदा आवाज ऐकव. मॅडम म्हणाल्या, तूच दे उत्तर, तुला छान जमेल. जुन्या पोस्ट वाचून, आई कशी रागावते आणि ही कशी समजूत काढते ते बघून, अगदी तसंच लिहिलं. आईंनी उत्तर दिलं की आता जीव भांड्यात पडला. मॅडमनी पाठ थोपटली. आज मी भलतीच खूश आहे.

१२ तारीख

चिठ्ठीवर एकच शब्द. दार.

त्याची काय पोस्ट करणार, कपाळ? तरी केली. मनाचं दार वगैरे.

दुपारी जेवताना वरच्या मजल्यावरून कुणीतरी गुणगुणत होतं. गुणगुण नेहमी लिहिते तेच गाणं. अर्ध्यात थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. मावशींना विचारलं तर त्यांनी मान खाली घालून भांडी उचलली.

१३ तारीख

वर जाऊन आले. दाराला कडी बाहेरून आहे.

मी ती काढली. आत एक बाई बसली होती, हातात पेन्सिल, केस विंचरलेले नाहीत. मला बघून तिने पहिला प्रश्न विचारला की आईला निरोप पोचला का. मी सांगितलं, हो, पोचला, सगळ्यांना खूप आवडला. मूर्खासारखी मी तिला किती बदाम आले तेच सांगत बसले. मग तिने विचारलं, आई शोधायला निघाली का. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिची आई निघाली असती. मी तिची समजूत काढली होती.

मागे मॅडम उभ्या होत्या. जराही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हिचं आता आटत चाललंय, आणि तुझ्यात खूप आहे. मोकळं फिरणाऱ्या माणसाला असं आतून लिहिता येत नाही.

१५ तारीख

मी वर आहे. तिला कुठे नेलं माहीत नाही. उशीला तिच्या तेलाचा वास आहे. वही पोलक्यात खोचून आणली, कुणी बघितली नाही.

खिडकीला गज. खाली भिंत. ओरडून घसा बसला.

रोज एक कागद आणि पेन्सिल मिळते. लिहिलं नाही तर जेवण नाही. काल लिहिलं नव्हतं.

१७ तारीख

खाली नवीन मुलगी आलीय. हसताना ऐकू येते. तिला वाटत असेल, नशीब काढलं —

चिठ्ठीत लिहिलं, छोटे, मला इथून ने. संध्याकाळी मावशींनी मॅडमच्या फोनवर पोस्ट दाखवली. माझ्या खात्यावर, माझ्याच फोटोखाली. छोटे, मला पुन्हा लहानपणात ने ना. मावशी रडत होत्या. दार उघडा म्हटलं तर नुसती मान हलवली आणि बाहेरून कडी घातली.

१८ तारीख

मावशींनी आज पुन्हा फोन दाखवला. छोटीने खाली लिहिलंय, ताई, फोन का लागत नाही, मला कसंतरीच होतंय. शहाणी गं माझी. ओळखलं तिने. येईल ती —

१९ तारीख

नाही येणार.

नव्या मुलीने उत्तर दिलं. मी जसं चिडवते तसंच चिडवलं, नाव घेऊन. मीच लिहून दिलं होतं ते. डोंगरात फिरायला आलेय, रेंज नाही, म्हणून सांगितलं. छोटीने हसणारा चेहरा पाठवला. मजा कर म्हणाली.

चांगलं लिहिते पोरगी. माझ्यापेक्षा चांगलं.

२१ तारीख

रडणं लिहू, शिव्या लिहू, सगळं गोड होतं. अर्धं गाणं मीही गुणगुणायला लागलेय. पुढचं खरंच आठवत नाही —

२२ तारीख

सुचलं.

कडू लिहायचंच नाही. गोडच लिहायचं, म्हणजे ती नवी मुलगी त्याला हात लावणार नाही, आहे तसं टाकेल. बोटीचा सिनेमा शेवटपर्यंत पाहिला असं लिहायचं. शेवट सांगायचा. जगात एकटी छोटी ओळखेल की हे लिहिणारी तिची ताई नाही. ताई मेली तरी शेवट बघणार नाही. मग ती शोधेल. तिची समजूत कुणालाच काढता येणार नाही, कारण हे मी कुणालाच दिलेलं नाही.

शेवट खरा हवा. खोटा असला तर कुणीतरी खाली लिहील की असं नव्हतंच, आणि मॅडमना संशय येईल. कागद एकच आहे, म्हणून आधी इथे लिहून बघते. मावशी जिन्यावर आल्यात, कपबशी वाजतेय.

छोटे, काल आपला बोटीचा सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. इतका आवडला म्हणून सांगू. शेवटी ती एकटीच बोटीत बसते आणि

शेवटी ती

छोटे, शेवटी काय होतं गं —