शेवटच्या बाकापर्यंत

मिस, परवा तुमच्यासारखी उभी राहणारी एक बाई पाहिली. तोंड उघडण्याआधी तिनं हातातली काठी टेबलाला टेकवून ठेवली, दोन्ही पावलं जमिनीवर नीट रोवली आणि सगळ्यात मागच्या खुर्चीकडे पाहिलं. ‘पाय आधी, आवाज नंतर,’ असं तुम्ही म्हणायचात. मी इथं शारजात, रोल्ला भागातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये नातीच्या लॅपटॉपसमोर बसले होते, आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली.

माझी लेक लंडनला एका लायब्ररीत काम करते. तिनं शनिवारी दुपारी कृष्णवर्णीय लेखकांचं वाचन ठेवलं होतं, ते ऑनलाइनही दिसणार होतं. सगळे गे किंवा लेस्बियन, आणि प्रत्येकजण आपलंच लिहिलेलं वाचणार. “आई, तू बघायचंच,” असं तिनं तीनदा बजावलं होतं. इथं संध्याकाळ होती. नेमक्या तेव्हाच खालच्या मजल्यावरच्या वहिनी डबा परत द्यायला आल्या आणि काय चाललंय म्हणून डोकावल्या. मी सांगितलं. “अगंबाई! काळे आणि वर तसले? दोन्ही एकदम?” मी म्हटलं, “वहिनी, तुम्ही आमटीत सांबार मसाला घालता तेव्हा मी विचारते का, दोन्ही एकदम कशाला म्हणून?” “अहो, गंमत केली मी.” “मी नाही केली.” वहिनी डबा ठेवून गेल्या. हे विषय इथं मोठ्यानं लावायचे नसतात, म्हणून नातीनं हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि म्हणाली, “आजी, दॅट वॉज ब्रूटल.” मला बरं वाटलं. खरं बोलायला मी कधी कचरले नाही, असंच मी आयुष्यभर स्वतःला सांगत आलेय.

पहिल्यांदा मोहरीच्या रंगाचा कोट घातलेल्या एका तरुणानं वाचलं. दोन ओळींनंतर त्यानं कागद छातीशी धरला आणि पुढचं पाठ म्हटलं. त्याच्या आईनं लग्नासाठी शिवून ठेवलेल्या सुटाबद्दल होतं ते. लोक हसले, तोही हसला. आणखी दोघं वाचून गेले. मग ती काठीवाली बाई उठली. नऊ वर्षं जिला मी लेकीची ‘रूममेट’ म्हणत आले, ती त्या बाईसमोर पाण्याचा ग्लास ठेवून गेली. बाईनं वाचलं ते असं : तरुणपणी ती एका चर्चमध्ये मुलींना गाणं शिकवायची. त्यांतल्याच एकीनं तिच्याबद्दल पाद्र्याला सांगितलं, आणि तिचं शिकवणं, राहतं घर, जिच्यावर जीव होता ती, सगळं एका आठवड्यात गेलं. “त्या मुलीवर माझा राग नाही,” तिनं वाचलं. “तीही आता म्हातारी झाली असेल. मला एवढंच जाणून घ्यायचंय, तिला कुणी विचारलं होतं, की तिनं आपणहून सांगितलं?” मग ती थांबली. तुम्ही थांबायचात तशीच, मनात तीन आकडे मोजून.

मी चौदा वर्षांची आहे आणि तुमच्या दारात उभी आहे. शाळेच्या मागच्या त्या दोन खोल्या. स्वयंपाकघरात स्टोव्हवर वरण उकळतंय. साऱ्या शाळेला शिट्टीवर पळवणाऱ्या पी.टी.च्या मिस पाटावर डोळे मिटून बसल्यात आणि तुम्ही त्यांच्या केसांना तेल लावताय. मग तुम्ही वाकता आणि त्यांच्या भांगावर ओठ टेकवता. एवढंच. मला पाहून तुम्ही दचकत नाही, हातही काढून घेत नाही. “घसा कसा आहे?” असं विचारता, आणि तेलकट बोटांनी फळीवरचा डबा काढून मला ज्येष्ठमधाची कांडी देता. “चघळत जा. वक्तृत्वस्पर्धा आठ दिवसांवर आली.” मी ती चघळत घरी गेले, आणि मला काहीही वाईट वाटलं नव्हतं. हे लिहून ठेवणं भाग आहे, मिस. जे पाहिलं त्याची मला किळस आली नव्हती. किळस मी नंतर आणली, गरज पडली तेव्हा.

गरज चार दिवसांनी पडली. तुम्ही माझं नाव स्पर्धेतून काढलंत आणि त्या अडखळणाऱ्या मुलीचं घातलंत. सगळ्या वर्गासमोर मला म्हणालात, “तुझा आवाज घंटेसारखा आहे गं. पण तुला नुसतं ऐकू जायचं असतं. सांगायचं काही नसतं.” दुसऱ्या दिवशी मी आमच्या कॉन्व्हेंटच्या मुख्याध्यापिका सिस्टरच्या ऑफिसात होते. दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही परत आलो तेव्हा तुमच्या दोन्ही खोल्यांना शाळेचं कुलूप होतं. पी.टी.च्या मिसना दुसऱ्या गावी पाठवल्याचं कळलं. तुम्ही भावाकडे गेलात आणि तीन वर्षांत काविळीनं गेलात, हे मला एका मैत्रिणीच्या लग्नात, पंगतीत वाढता वाढता कुणीतरी सांगितलं. मी पुढं दुबईत शिपिंगच्या ऑफिसात एकवीस वर्षं टेलिफोनवर काढली. बंदरातून माल सोडवणारे क्लिअरिंगवाले म्हणायचे, “यल्ला, चलो, फोन मॅडम को दो, मॅडम का आवाज साफ है.” तो आवाज तुमचा होता. त्यावर मी दोन मुलं शिकवली.

ही गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे, आणि दर वेळी संतापून. नवऱ्याला सांगितली, ऑफिसातल्या बायकांना सांगितली. सिस्टरनी कसं दार लावून घेतलं, ‘तिथं काय पाहिलंस ते खरं सांग’ म्हणून कसा दम भरला, लहान पोरीला साक्षीदार करणाऱ्या त्या बायकांना देव कसा विचारील. नऊ वर्षांपूर्वी लेकीनं मला ती कुणासोबत आणि कशी राहते ते सांगितलं, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिला तुमची गोष्ट सांगितली. ती रडली. “आई, किती वर्षं तू हे एकटीनं वागवलंस,” म्हणाली. माझे ते दोन दिवस तिनं तिथल्या तिथं माफ केले. तुम्हाला दुसऱ्यांदा वापरलं मी, मिस.

परवा वाचन संपल्यावर तिचा फोन आला. मागे खुर्च्या उचलल्याचा आवाज येत होता. “आई, ते ऐकून तुला त्रास झाला का गं? पण तुझं वेगळं आहे. तुला तर विचारलं होतं.”

“हो,” मी म्हटलं.

सिस्टरच्या ऑफिसचं दार उघडं होतं, मिस. सिस्टरनी मला बोलावलं ते बक्षिसाचे कप ठेवायच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे एवढं विचारायला. मी म्हणाले, मिसकडे आहे, त्यांच्या घरी. ‘थँक यू, चाइल्ड,’ म्हणून त्या परत कागदांत बघायला लागल्या. मला जायला हवं होतं. मी पाय रोवले, श्वास घेतला आणि प्रत्येक शब्द वेगळा ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. पाट, तेल, भांग. सिस्टरनीच मध्ये हात वर केला, पुरे म्हणून. तरी मी वाक्य पूर्ण केलं.

हे कागद पोस्टात टाकायला पत्ता नाही. तुमचा होता तो मीच मोडला. पण लेकीचा आहे, तिचा नंबरही आहे. काल हे इथवर लिहून झाल्यावर मी तिला फोन लावला. दोघी जेवत होत्या. “बोल ना, आई,” ती म्हणाली. मी तिला विचारलं, तिकडे थंडी सुरू झाली का.