ताईला उतरवायला चढणारी गाडी

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, म्हणून तो खुर्चीत बसूनच घातला आहे. गोड मानून घे.) आम्ही दोघं बरे आहोत. माझ्या खोकल्याची तब्येत उत्तम आहे, माझी त्याच्या मानाने जरा कमी. तुझा श्वास कसा आहे ते मात्र खरं लिही. मागच्या पत्रात कोंबड्यांवर चार पानं होती आणि श्वासाबद्दल एकच ओळ, तीही खोडलेली. मी ती खिडकीशी उजेडात धरून वाचली.

रस्ता चिखलाने बंद व्हायच्या आत तुला खाली आणलंच पाहिजे, हा डॉक्टरांचा निरोप मी फोनवर सांगितला, तेव्हा तू काय म्हणालीस ते आठवतं ना? म्हणालीस, "दुधाच्या गाडीत, कॅनांमध्ये कॅन होऊन मी उतरणार नाही. माझ्या दारापर्यंत चढेल अशी गाडी आण, मग बघू." तुला वाटलं असणार, याच्याच्याने काय होतंय. टॅक्सीवाले तिसऱ्या वळणावर हात जोडतात हे तुला ठाऊक, आणि माझी शिल्लक किती तेही ठाऊक. तुझी भावजय म्हणालीच, "खिसा सायकलीचा आणि हट्ट रणगाड्याचा." पण ताई, गाडी घेतली. जुनी आहे, दणकट आहे, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो. ती कशी मिळाली ते नीट सांगतो, कारण त्यातलं काही मला अजून नीट कळलेलं नाही.

जुन्या गाड्यांचं आवार तू पाहिलं नसशील. पन्नास-साठ गाड्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या असतात, प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारख्या. दार उघडलं की प्रत्येकीतून निराळ्या घराचा वास येतो. एकीच्या काचेवर आतल्या बाजूने लहान पंजा उमटलेला होता. दलालाने तो माझ्यादेखत पुसला, आम्ही फेरी मारून आलो तर पुन्हा होता. (दमट हवा, असं दलाल म्हणाला. हवा कोरडी होती.) वापरलेली गाडी म्हणजे कुणाचं तरी अर्ध्यावर राहिलेलं बोलणं असतं, हे मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याने किंमत पाच हजारांनी उतरवली. काव्याला एवढी दाद आजवर मिळाली नव्हती.

सोबत तुझी भावजय होती, आणि आमच्या गल्लीतला गॅरेजवाला. तो गाडीखाली शिरतो, मी इंजिनाशी कान लावतो, अशी आमची वाटणी. आपले छडीवाले गुरुजी फळ्यावर लघु-गुरूंच्या खुणा काढून वृत्तं म्हणून घ्यायचे, ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. पहिली गाडी भुजंगप्रयातात सुरू झाली. मी खूश. पण तिसऱ्या चरणात दर वेळी एक अक्षर गिळायची. मी म्हटलं, वृत्तभंग आहे, नको. गॅरेजवाला म्हणाला, "काका, एक प्लग गेलाय, अर्ध्या तासाचं काम आहे." पण चरणात खोट असलेली कविता कुणी घरी आणतं का? (आता वाटतं, आणायला हवी होती.) दुसरी शार्दूलविक्रीडित. काय ती झेप, काय तो दमसास. मी पैसे काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात गॅरेजवाला खालून काळा होऊन बाहेर आला. मागच्या चाकांना जोर नेणारा दांडाच कुणीतरी काढून ठेवला होता. नुसती पुढच्या दोन चाकांवर डरकाळ्या फोडत होती.

तिसरी कोपऱ्यात होती, गडद हिरवी, उंच, भिंतीकडे तोंड केलेली. या एकटीचंच तोंड उलटं का, असं विचारलं तर दलाल म्हणाला, "आम्ही सरळ लावतो." किंमत इतकी कमी की तुझ्या भावजयीलाही संशय आला. तीन जणांनी नेऊन परत आणली होती. चावी फिरवली आणि मंदाक्रांता, ताई. चार अक्षरांवर थांबली, मग सहावर, मग सातावर. संथ, आणि एका मात्रेचीही चूक नाही. कुणी थकलेलं माणूस जिना चढताना थांबत थांबत चढतं ना, तशी. माझ्या अंगावर काटा आला. गॅरेजवाला म्हणाला, "इंजिन एक नंबर आहे." त्याच्या हातावरही काटा होता.

गाडीच्या मूळ मालकाची बायको जवळच राहते असं कळलं, म्हणून आम्ही विचारायला गेलो. बाई शांत, घर स्वच्छ. नवरा जमिनींची मोजणी करायचा. त्याने ही गाडी घेतली ती उंचावर एकटी राहणाऱ्या आईला खाली आणायला. दर वेळी आई म्हणायची, आज नको, पुढच्या खेपेला. तो दर महिन्याला जायचा आणि रिकामा यायचा. एका खेपेला दार वाजवलं ते कुणी उघडलंच नाही. त्यानंतर त्याला एक सवय लागली. गाडीत बसण्यापूर्वी तो मागचं डावं दार उघडायचा, जरा थांबायचा, मग हळूच लावायचा आणि पुढे जाऊन बसायचा. मरेपर्यंत असंच. बाई आम्हाला म्हणाल्या, "तुम्हीही तसंच करा. नाहीतर चढावर बंद पडते." बिनसाखरेचा चहा प्या म्हणावं, इतक्या साध्या आवाजात.

गॅरेजवाला जिना उतरेपर्यंत हसत होता. आम्ही पाण्याच्या टाकीचा चढ गाठला. (त्या चढावर सायकलीसुद्धा ढकलत नेतात.) पुढे आम्ही दोघं, मागे उजवीकडे तुझी भावजय. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी निम्म्यावर गेली आणि बंद पडली. धक्का नाही, धूर नाही, बोलता बोलता कुणी गप्प व्हावं तशी. तीनदा चावी फिरवली. मग तुझी भावजय उतरली, वळसा घालून डाव्या बाजूला गेली, दार उघडलं, पदर सावरत बाजूला झाली आणि थांबली. तुला सांगतो, ती ज्या तऱ्हेने बाजूला झाली, तसे आपण कुणाला वाट देतानाच बाजूला होतो. दार लावलं. इंजिन सुरू झालं. आणि लगेच टुणटुण वाजायला लागलं. समोर लाल दिवा: मागे डावीकडे बसलेल्याने पट्टा लावलेला नाही.

डावीकडे कुणी नव्हतं. मी दोनदा पाहिलं. गॅरेजवाल्याने एकदाही पाहिलं नाही. टुणटुण चालूच. शेवटी तुझी भावजय म्हणाली, "बसल्यात तर नीट बसू देत की." आणि तिने हात लांब करून रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन लावला. आवाज थांबला. गाडी असा चढ चढली ताई, की वर पोहोचल्यावरच कळलं, आपण पोहोचलो. पट्टा सोडवताना मात्र ती म्हणाली, "घट्ट बसलाय हो. रिकाम्या सीटवर इतका ताणला जात नाही."

तर अशी गाडी. घाबरू नकोस. चढाला जोरकस आहे, टायर बरे आहेत, काच जरा अडकते. पुढच्या रविवारी तुला न्यायला येतो. तुझ्या दोन पेट्या मावतील. कोंबड्यांचं बघू. पण पुढच्या खेपेला, असं तेवढं म्हणू नकोस. ते वाक्य मला हल्ली ऐकवत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. वर एक गोष्ट लिहायची राहिली. चढावर गाडी गॅरेजवाला चालवत होता. माझ्या उजव्या डोळ्यामुळे दोन वर्षांपूर्वी परवाना गेला. तुला कळवलं नाही, कारण तू रागावली असतीस. गॅरेजवाला आता त्या गाडीच्या दहा पावलं जवळ येत नाही, टायरमधली हवासुद्धा लांबूनच सांगतो, "ठीक दिसतेय." दुसरा ड्रायव्हर मिळेना. म्हणून विनंती अशी, की गुरुवारच्या दुधाच्या गाडीने तूच खाली ये आणि ही गाडी वर ने. तुझा परवाना चालू आहे. आणि तीस वर्षं तू ॲम्ब्युलन्स चालवलीस. मागे कोण निजलंय, जिवंत आहे की नाही, याची तुला कधी भीती वाटली नाही. असं एकच माणूस माझ्या ओळखीचं आहे.

ता. क. दुसरा, माझ्या हातचा. वन्सं, नमस्कार. यांनी काहीही लिहिलं असलं तरी डॉक्टरांची वेळ मी शुक्रवारची घेतली आहे. तुमची खोली झाली आहे, खिडकीशी खाट टाकली आहे. गाडी वर न्यायची की नाही ते आपण नंतर बघू. कॅनांमध्ये बसायचं नसेल तर दूधवाल्याशी मी बोलले आहे, तो पुढे जागा देतो. हे रोज पहाटे उठून खाली गाडीशी जातात आणि कागदावर काहीतरी आकडे लिहितात. विचारलं तर कविता करतोय म्हणतात. तुम्ही या.

ता. क. तिसरा. ही निजल्यावर लिहितो आहे. ते आकडे कवितेचे नाहीत. आमच्या दारापासून तुझं फाटक बेचाळीस किलोमीटर. गाडी चार दिवस जागची हललेली नाही, चावी माझ्या उशाखाली असते. तरी रोज सकाळी गाडीतला किलोमीटरचा आकडा चौऱ्याऐंशीने वाढलेला असतो. गॅरेजवाला लांबूनच म्हणाला, "आकडा बिघडलाय." असेल. तू निघताना फाटकाबाहेरच्या मातीत एकदा बघ. दूधवाल्याचे टायर अरुंद आहेत, हिचे रुंद. रुंद खुणा दिसल्या, तर मला कळवू नकोस. नुसती ये.