सातवा तुकडा

५ जानेवारी, वडवणी
सुट्टी टाकून घरी आलो. ताईचं दुखणं मणक्यात उतरलंय. छातीतली गाठ काढून दोन वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाले, आता वेदना कमी ठेवायच्या, एवढंच. लॅपटॉप आणलाय. पुण्याला लॅबमध्ये माझ्या पीएचडीच्या प्रयोगातल्या पेशी सोबतची स्नेहल सांभाळतेय.

८ जाने.
ताई म्हणाली, "तू करतो ते नेमकं काय हाय?"
सांगितलं. पेशीला कुठं चिकटायचं तर एक प्रथिन लागतं, हातासारखं. पेशीच्या आतून दुसरं प्रथिन त्याला येऊन भिडतं, तेव्हा ते जागं होतं. मी त्या जागेवर आधीच जाऊन बसेल असा प्रथिनाचा छोटा तुकडा करतो, पेप्टाइड, म्हणजे कॅन्सरच्या पेशीला कुठं चिकटून पसरता येणार नाही. तो सैल पडतो, म्हणून त्याच्या वेटोळ्याला टाका घालायचा.
"गोधडीला घालतो तसा?"
तसाच. हसली. बऱ्याच दिवसांनी.

१७ जाने.
स्नेहलचा फोन. सातव्या तुकड्यानं कॅन्सरच्या पेशी लॅबमधल्या बशीवरून सुटल्या. सगळ्या! चार वर्षांत पहिल्यांदा. तसाच पळत जाऊन ताईला सांगितलं.
सांगायला नको होतं.

१९ जाने.
दादा मेंढरं घेऊन जाताना ज्याला त्याला सांगतात, माझ्या पोरानं कॅन्सरवर औषध काढलं. बाजारात एका बाईनं थांबवून विचारलं, आमच्या सासूलापण चालेल का.

२२ जाने.
रंगाची चाचणी झाली. मेलेल्या पेशीत रंग शिरतो. सगळ्या निळ्या. म्हणजे सुटल्या नव्हत्या, फुटल्या होत्या. तुकडा पेशीचं आवरणच फाडतोय. निरोगी पेशींचंही तेच. गाइड मॅडम फोनवर शांतपणे म्हणाल्या, "सातवा सोडून दे. थिसिसमध्ये एक चॅप्टर होईल."
एक चॅप्टर.

२३ जाने.
ताईला सांगितलं नाही.

२६ जाने.
सांगितलं. ताईनं विचारलं,
"पण कॅन्सरच्या मेल्या ना?"
"चांगल्यापण मेल्या, ताई."
"माझ्यात चांगल्या किती राहिल्या असतील?"
मी उठून बाहेर आलो.

२९ जाने.
ताई म्हणाली, "तेच आण. शिल्लक हाय ना?"
आहे. फ्रीजरमध्ये. उंदरालासुद्धा दिलेलं नाही अजून. रक्तात गेलं तर रक्ताच्याच पेशी फुटतील, म्हणालो. ती म्हणाली, सही करून देते, तुझ्यावर काय येऊ देत न्हाई. मी ओरडलो तिच्यावर. आजारी माणसावर.
नंतर दादा गोठ्याजवळ हळूच म्हणाले, "मेंढी जायला लागली की आपण काय बी पाजून बघतोच की."
"ती मेंढी न्हाई, दादा."
"ते कळतंय मला."

१ फेब्रु.
दिवसभर आठवा तुकडा मांडत बसलो. तुकड्यावरचा विजेचा धनभार कमी केला तर पेशीचं आवरण फाटणार नाही. पण मग तो पेशीत शिरणारही नाही, बहुतेक. स्नेहलला तरी पाठवला. तिनं फक्त "बघते" लिहिलंय.

२ फेब्रु.
साडेनऊच्या गाडीनं पुण्याला निघायचंय. ताईनं कालपासून दुखण्याची गोळी घेतलेली नाही. दात आवळून पडलीय, भिंतीकडे तोंड करून.
"आणतो म्हण, मग घेते."
दादा दारात बसलेत. माझ्याकडं बघत नाहीत. माझ्या एका हातात तिची गोळी, एका हातात पेन. पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी ठेवलाय. नऊ वाजून गेले. हो म्हटलं तर निदान गोळी तरी घेईल ती.