हलक्या पायाचा ब्रेक

९ जानेवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा पाय प्लास्टरमध्ये आणि जीभ मोकळी, असं तुझ्या बायकोनं कळवलं. म्हणजे तब्येत बरी आहे. फोनवर मी नुसती बोलते, ऐकत नाही, हा तुझा जुना आरोप आहे, म्हणून लिहिते. कागदावर तरी तुला मधे तोंड घालता येणार नाही.

बाबांच्या गाडीचं प्रकरण आहे. रविवारी मी आणि ठमी मोठ्या दवाखान्यात निघालो होतो. मी बाबांच्या गाडीत पुढे, ती तिच्या गाडीत मागे. दवाखान्याच्या अलीकडच्या वळणावर मी वेग कमी केला, आणि मागून टायर घासल्याचा आवाज आला. तिची गाडी माझ्या बंपरपासून बोटभर अंतरावर थांबली होती. ठमी उतरली ती पांढरीफटक पडलेली. माझे ब्रेकचे दिवे लागलेच नाहीत म्हणाली. मी म्हटलं, तुझं लक्ष नसेल. तिनं मला तिथल्या तिथे पेडल दाबायला लावलं आणि स्वतः मागे जाऊन उभी राहिली. दोन्ही दिवे लागले. जिंकले म्हणून मी हसले, आणि तिथेच चुकलं. मग वळणावर तू ब्रेक दाबलाच नसशील, असं ती म्हणाली. हल्ली तू विसरतेस, असंही म्हणाली.

भाऊ, सारा जन्म मी कोर्टात कामगारांच्या बाजूनं उभी राहिले. मला भांडखोर म्हणाले, आग्यावेताळ म्हणाले, कुणी विसरभोळी म्हणालं नव्हतं. पोटच्या पोरीनं म्हटलं. तिनं जुन्या गाड्यांच्या एका शौकिनालाही गाठलं आहे. महिनाअखेर तो गाडी बघायला येणार. गाडी विकायची आणि मी यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असा निकाल तिनं माझी बाजू न ऐकताच दिला आहे.

दुरुस्त होऊ शकणारी वस्तू टाकून देणं हा आळस आहे, आणि दुरुस्त होऊ शकणारं माणूस बाजूला बसवणं हा त्याहून मोठा आळस. हे मी सभेत शंभरदा बोलले आहे, आता स्वतःच्या घरात बोलायची वेळ आली. तू मोटारींचं वाइंडिंग करण्यात आयुष्य घालवलंस. सांग, काय तपासू?

लोभ आहे तेवढा पुरे, सल्ला जास्त पाठव.
तुझी ताई

१३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अर्धं पत्र, अर्धं भाषण. टाळ्या वाजवल्या.

आता ऐक. दिवा कधी लागतो, कधी नाही, असं झालं की पहिला संशय बल्बवर, दुसरा फ्यूजवर, तिसरा अर्थच्या जोडावर. बल्ब काढून त्याचा तळ आणि होल्डरमधली पितळी पट्टी घासून घे. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नकोस, काढून दोन्ही टोकं पूस. जुन्या गाडीत फ्यूज शाबूत असतो आणि त्याच्या चिमट्यावर गंज बसलेला असतो. मग संध्याकाळी गाडीचे सगळे दिवे लाव, कुणाला तरी मागे उभं कर आणि ब्रेक दाब. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा उजळण्याऐवजी मंदावला, किंवा शेजारचा इंडिकेटर उगीच मिणमिणला, तर अर्थ गेला असं समज. विजेला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. परतीची वाट गंजलेली असली की वीज शेजारच्या बल्बमधून घुसून घर गाठते.

हे वाक्य तू पुढच्या सभेत वापरणार, मला माहीत आहे. माझं नाव घे म्हणजे झालं.

ठमीवर चिडू नकोस. बोटभर अंतर फार कमी असतं.

कृपा असावी, आणि बॅटरीची वायर काढल्याशिवाय कुठे हात घालू नये.
तुझा भाऊ

२० जानेवारी

चि. भाऊस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं बरोबर निघालं, आणि तरीही काम झालं नाही. इंडिकेटर खरंच मिणमिणत होता. मेस्त्रीला बोलावलं. डाव्या दिव्याच्या मागे अर्थचा स्क्रू गंजानं असा खाल्लेला की बोटात घेताच त्याचा भुगा झाला. मेस्त्रीनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला आणि नवा स्क्रू बसवला. फ्यूजचे चिमटेही साफ केले. मग तो स्वतः आत बसला आणि झुरळ मारावं तसा ब्रेकवर पाय आपटला. दिवे असे लागले की मागच्या भिंतीवरची जाहिरात वाचता आली.

मी ठमीला बोलावलं. चल मागून, म्हटलं, आणि उघड्या डोळ्यांनी चल. ती आली. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर दिवे लागले नाहीत म्हणाली. बाजाराच्या तोंडाशीही नाहीत. पुढे एक कुत्रं आडवं आलं, मी कचकन ब्रेक मारला, तेव्हा मात्र लख्ख लागले म्हणाली. म्हणजे कुत्र्यासाठी लागतात आणि पोरीसाठी लागत नाहीत, असं मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, कुत्र्यासाठी तू ब्रेक दाबलास, बाकी ठिकाणी दाबत नाहीस. मी तिला आंधळी म्हटलं. तिनं पुन्हा तेच म्हटलं, की मी विसरते, आणि आता मला ते कळतही नाही. रस्त्यात उभ्या राहून आम्ही दोघींनी जे काही केलं, ते पाहायला ते कुत्रंसुद्धा थांबलं होतं.

त्या दिवसापासून बोलणं बंद आहे. गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. खरं सांगू का, काल मी गॅसवर दूध ठेवलं आणि ते उतू गेलं. दूध पूर्वीही उतू जायचं. पण काल मी बराच वेळ त्या भांड्याकडे बघत उभी राहिले. ठमीचं खरं असेल तर ते मला दुसऱ्या कुणी सांगायला नको, तू सांग.

तुझी ताई

२४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दूध सगळ्यांचंच उतू जातं. माझ्याकडे तर आजच गेलं, आणि मी शेजारी खुर्चीत बसून होतो.

तुझ्या पत्रातलं कुत्रं मात्र उपयोगी निघालं. बाबांनी आपल्याला गाडी कशी शिकवली ते आठव. शेजारच्या सीटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचे. सांडला की नापास. मी इतकी सीट भिजवली की शेवटी मला मागे बसवलं. तू एक थेंब सांडला नाहीस. अजूनही तू तशीच चालवतेस. आधी गिअर उतरवतेस, मग ब्रेकवर नुसता पाय टेकवतेस, आणि गाडी लोण्यासारखी हळू होते.

त्या गाडीत दिव्याचा स्विच पेडलपाशी नाही. तो बॉनेटखाली ब्रेकच्या तेलाच्या नळीवर बसवलेला आहे. तेलाचा दाब पुरेसा वाढला तरच तो जुळतो. असे स्विच म्हातारे झाले की आणखी जास्त दाब मागतात. मेस्त्री पाय आपटतो, तेव्हा दिवा लागतो. कुत्रं आलं तेव्हा लागला. दवाखान्याच्या वळणावर ठमीनं दाबायला लावलं तेव्हाही लागला, कारण तेव्हा तू जिद्दीनं दाबलं असशील. तुझ्या हलक्या पायाला मात्र तो जुमानत नाही. वळणावर तू ब्रेक दाबलास हेही खरं, आणि ठमीला दिवा दिसला नाही हेही खरं.

खात्री करून घे. मेस्त्रीला मागे उभं कर आणि रस्त्यावर दाबतेस तसं दाब, गॅरेजमधल्यासारखं नाही. मग पेडलच्या दांड्यापाशी दट्ट्याचा स्विच बसवून घे. पाय नुसता टेकला की दट्ट्या सुटतो आणि दिवा लागतो. जुना स्विच खोलू देऊ नकोस, तेल गळेल आणि नळीत हवा शिरेल. तो आहे तिथे राहू दे, फक्त त्याच्या दोन वायरी काढून नव्याला जोडायच्या.

मी ठमीलाही चार ओळी लिहितो आहे. रागावलीस तरी लिहिणार.

तुझा भाऊ

३० जानेवारी

चि. भाऊस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझंच खरं. मी माझ्या पद्धतीनं पाय टेकवला, आणि मागून मेस्त्री ओरडून विचारायला लागला, की बाई, दाबताय कधी? मी तेव्हा दाबूनच बसले होते. त्याच दुपारी नवा स्विच लागला. आता पायाचं वजन पडायच्या आत दिवा लागतो.

मी गाडीत बसून एकटीच हसले. मग थोडं रडूही आलं, पण ते तुझ्या बायकोला सांगू नकोस.

उभा जन्म मी कोर्टात हेच धरून चालले, की दोन साक्षी जुळत नसतील तर एकजण खोटं बोलतो आहे. त्याच सवयीनं मी पोरीलाही पिंजऱ्यात उभं केलं. तिच्याकडे जायला हवं, हे कळतं. रोज संध्याकाळी वाचनालयातून येताना तिच्या फाटकावरूनच येते. पण वर जाऊन बोलणार काय? भाषण असतं तर केलं असतं.

जिव्हाळा राहू दे, आणि पाय जमिनीला टेकायची घाई करू नकोस.
तुझी ताई

५ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझ्या चार ओळी मिळाल्या. वाचल्या वाचल्या त्या शौकिनाला येऊ नका म्हणून कळवलं. तो वाईट वाटून घेऊन बसला आहे, पण त्याच्याकडे आधीच सात गाड्या आहेत.

आईशी बोलायचं मात्र होईना. तिला विसरभोळी म्हणताना मी किती घाबरले होते, हे तिला कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. त्या दिवशी माझी गाडी बोटभर आणखी पुढे गेली असती तर काय झालं असतं, हे मी अजून रात्री मोजत बसते.

सोमवारी संध्याकाळी मी खिडकीतले वाळलेले कपडे काढत होते. खालून आजोबांची गाडी आली. आमच्या फाटकापाशी तिचे मागचे दोन्ही लाल दिवे लागले. गाडी थांबली नाही, पण दिवे लागले, क्षणभर राहिले आणि विझले. मंगळवारी मी मुद्दाम उभी राहिले. पुन्हा तसंच. बुधवारीही. पायाचा नुसता स्पर्श झाला तरी नवा स्विच दिवा लावतो, असं तू लिहिलं होतंस. म्हणजे आई रोज इथे ब्रेकवर पाय ठेवते आणि उचलते. पूर्वीही ठेवत असेल का मामा? दिवाच लागत नव्हता, तर मला वरून कळणार कसं?

आज मी खाली गेले. ती येते त्या बाजूला, फाटकाच्या थोडी अलीकडे उभी राहिले, म्हणजे गाडी पुढे गेली की मागून दिसेल. गाडी माझ्याजवळून गेली. फाटकापाशी दिवे लागले, आणि या वेळी विझले नाहीत.

मी चालत पुढे गेले. आईनं काच खाली केली. माझ्याकडे न बघता, समोर बघत, तिनं एवढंच विचारलं, की दिवे लागले का.

मी म्हटलं, लागले.

ती आत्ता स्वयंपाकघरात आहे. दूध तिनं तापत ठेवलं आहे आणि राखण मात्र मला करायला सांगितली आहे, म्हणून इथेच थांबते.

मामीला नमस्कार, तुला प्रेम, आणि प्लास्टर निघालं की आधी आमच्याकडे ये.
तुझी ठमी