सरी सोडलेला शब्द

प्रिय दादा,

अण्णा शुद्धीवर आले. काल सकाळी मला नावानं हाक मारली, चहा मागितला आणि साखर कमी म्हणून नावंही ठेवली. तू फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी सोमाकाकांच्या टेम्पोबरोबर पाठवतेय.

त्या दिवशी दवाखान्यात ते तुला म्हणाले, "तुझ्यामुळं तुझी आई गेली. गाडी घेऊन वेळेवर आला नाय तू." तू डब्याची पिशवी खाली ठेवलीस आणि निघून गेलास. डॉक्टरांनी फाइलवर 'डिलिरियस' लिहिलं होतं. कॉलेजात मी मुलांना त्याचा अर्थ 'भ्रमात असलेला' एवढाच सांगत आले. त्या दिवशी अण्णांच्या उशाशी बसून त्याचं मूळ शोधलं. लॅटिनमध्ये लिरा म्हणजे नांगरटीतली सरी आणि डि म्हणजे तिच्यापासून बाजूला. ज्याचा नांगर सरी सोडून भलतीकडे गेला, तो डिलिरियस.

अण्णांना हे सांगितलं, तर हसले. "म्हंजी तिकडंबी शेतकरीच व्हते की." मग हळूच विचारलं, "मी काय बोललो गं?" खोटं बोलवेना, सांगून टाकलं. "गोरक्षाला बोललो मी आसं?" पुढं जेवलेच नाहीत.

दादा, त्या दिवशी मी तुझ्यामागे जिन्यापर्यंतसुद्धा आले नाही. तुला वाटलं असेल, हिलाही तसंच वाटतं. तसं नव्हतं. मला तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती.

सहा वर्षांपूर्वी त्या दुपारी तू भाजी पोचवायला मालेगावला गेला होतास. आईनं आधी मला फोन केला होता. छातीत दुखतंय म्हणाली. मी पेपर तपासत होते. पित्त असेल, जरा आडवी हो, म्हटलं. तुला तिनं फोन केला तो त्यानंतर दोन तासांनी. तू मात्र आजवर स्वतःलाच दोष देत आलास आणि मी तो देऊ दिला. हे फोनवर सांगता आलं नसतं. आज सकाळी अण्णांना सांगितलं. रागावले नाहीत. माझा हात धरून म्हणाले, "हे त्याला सांग. मंग दोघं मिळून मला घरी न्या." गुरुवारी सोडणार आहेत. मला हवं ते बोल, मी ऐकून घेईन. पण ये.

तुझीच,
सायली